पुण्याचा पगार, वजावट २०३७ पर्यंत

१२ मार्च २०२३, रविवार. अमेरिकेत त्या पहाटे घड्याळं तासभर पुढे गेली होती, आदल्या शुक्रवारी सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती, आणि मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका ओळखीच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते. पोहे निवत होते. मी स्क्रीन वहिनींकडे वळवली. त्या नवरा-बायकोच्या सॉफ्टवेअर कंपनीचा २०२२ चा करपात्र नफा : ७,७०,००० डॉलर.

"हा कुणाचा आकडा?" वहिनींनी विचारलं. त्यांना खरोखर वाटलं की मी चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली.

त्यांच्या वहीत नफा होता १,२०,००० डॉलर. बँकेतली शिल्लक त्याला जुळत होती. त्यांचा हिशोब पैचाही चुकलेला नव्हता, आणि माझाही बरोबर होता. मधला साडेसहा लाखांचा फरक कायद्याने निर्माण केला होता. तोही त्या वर्षीच्या नव्हे, डिसेंबर २०१७ मध्ये सही झालेल्या कायद्याने.

मी एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे अमेरिकी आयकर खात्यासमोर करदात्याच्या वतीने उभं राहायचा परवाना असलेली. हे प्रकरण त्या दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत, आणि तीनही वर्षांची विक्री व खर्च समजायला सोपं जावं म्हणून सारखाच धरला आहे. न्यू जर्सी राज्याचा कर पूर्ण बाजूला ठेवला आहे. तो घेतला तर लेख दुप्पट होईल आणि कुणी वाचणार नाही.

घर आणि कंपनी

नवरा-बायको दोघं मालक. दादा प्रॉडक्ट बघतात, वहिनी पैसे आणि माणसं. फिजिओथेरपीच्या छोट्या दवाखान्यांना लागणारं अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर ते बनवतात आणि महिन्याच्या वर्गणीवर देतात. कंपनी एस कॉर्पोरेशन आहे. म्हणजे नफ्यावर कंपनी स्वतः संघीय आयकर भरत नाही. नफा के-वन नावाच्या कागदावरून मालकांच्या घरच्या रिटर्नमध्ये उतरतो आणि कर तिथे लागतो. पैसे कंपनीतून घरी आणले की नाही, याच्याशी कराला देणंघेणं नसतं. एरवी ही व्यवस्था छोट्या धंद्याला सोयीची असते. इथे तीच गळ्याशी आली.

वर्षाची विक्री १२ लाख डॉलर. एडिसनमधल्या डेव्हलपरांचा खर्च ४ लाख. पुण्यात बाणेरला दादांच्या कॉलेजमधल्या मित्राची कंपनी आहे, तिथे सहा जण यांचंच काम करतात. त्यांचं बिल वर्षाला ३ लाख. भाडं, क्लाउड, विक्री, सपोर्ट, मालकांचे पगार धरून बाकी खर्च ३,८०,०००. उरले १,२०,०००. दोघांचे कंपनीतले पगार मिळून १,६०,०००. म्हणजे घराचं खरं उत्पन्न २,८०,०००. शाळेत जाणारी दोन मुलं, घराचं कर्ज, मालमत्ता कर बारा हजारांच्या वर. सेंट्रल जर्सीत अशी घरं गल्लोगल्ली सापडतील.

या दोघांना करातले बदल कळत नव्हते असं अजिबात नाही. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आयकर खातं महागाईनुसार वाढवलेले टप्पे जाहीर करतं, आणि वहिनी त्याच आठवड्यात मला विचारतात. जोडप्याची ठोक वजावट २०२१ मध्ये २५,१०० डॉलर होती, २०२२ साठी २५,९०० झाली. टप्प्यांच्या सीमा थोड्या वर सरकल्या. मुलांमागची करसवलत २०२१ मध्ये एका वर्षापुरती वाढली होती, ती पुन्हा प्रत्येकी २,००० वर आली. हे सगळं वहिनींच्या एक्सेलमध्ये होतं. आठशे डॉलरने वाढलेली वजावट त्यांनी पिवळ्या रंगात रंगवली होती.

त्यात नव्हतं ते कलम १७४.

झोपलेलं कलम

१९५४ पासून अमेरिकेत संशोधन आणि प्रयोगांचा खर्च ज्या वर्षी केला त्याच वर्षी पूर्ण वजा करता येत असे. २०१७ च्या कायद्याने कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. एवढी मोठी सूट दिली की दहा वर्षांच्या हिशोबात कुठून तरी भरपाई दाखवावी लागते, कारण सिनेटमध्ये साध्या बहुमताने कायदा काढायचा तर तूट ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याचं बंधन असतं. मग कायद्यात एक तरतूद घातली गेली : १ जानेवारी २०२२ पासून सुरू होणाऱ्या वर्षांत संशोधनाचा खर्च एकदम वजा करता येणार नाही. तो देशात झाला असेल तर पाच वर्षांत, देशाबाहेर झाला असेल तर पंधरा वर्षांत पसरायचा. कागदावर त्यातून दहा वर्षांत सुमारे १२० अब्ज डॉलर मिळणार होते. आणि सोबत एक वाक्य होतं, सॉफ्टवेअर तयार करण्याचा प्रत्येक खर्च संशोधनच समजावा.

तरतूद चार वर्षं पुढची, म्हणून २०१७ मध्ये आरडाओरडा झाला नाही. वॉशिंग्टनमध्ये सगळे धरून चालले होते की वेळ आली की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ती पुढे ढकलेल. २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या मोठ्या विधेयकात ती २०२६ पर्यंत ढकलली होती, पण ते विधेयक सिनेटमध्ये अडकलं. डिसेंबर २०२२ च्या खर्च विधेयकात येईल अशी आशा होती. त्यातही आलं नाही.

माझी चूक इथे सांगायला हवी. डिसेंबर २०२१ मध्ये मी सगळ्या ग्राहकांना दोन पानी पत्र पाठवलं होतं. दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत हे कलम होतं, आणि पुढे मी लिहिलं होतं, "बहुधा पुढे ढकललं जाईल." त्या 'बहुधा'वर विसंबून या घराने २०२२ च्या आगाऊ कराचे चारही हप्ते नेहमीच्या हिशोबाने भरले.

साडेसहा लाख आले कुठून

पाच वर्षांत पसरायचं म्हटलं की वर्षाला २० टक्के पडतात. पण कायदा खर्च वर्षाच्या मध्यावर झाला असं धरतो, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या निम्मे, दहाच टक्के. एडिसनच्या ४ लाखांपैकी वजा झाले ४०,०००. पंधरा वर्षांचा तसाच हिशोब केला तर पहिल्या वर्षी तिसावा हिस्सा. पुण्याच्या ३ लाखांपैकी वजा झाले १०,०००. ३,६०,००० आणि २,९०,०००, मिळून साडेसहा लाख डॉलर पगार दिलेले, बँकेतून गेलेले, पण कायद्याच्या नजरेत अजून खर्च न झालेले.

दादा आधी गप्प होते. मग म्हणाले, "अगं, पण पुण्याची कंपनी वेगळी आहे. मी फक्त बिल भरतो. संशोधन करत असतील तर ते करतात, मी कुठे करतो?"

प्रश्न योग्य होता. उत्तर त्यांना आवडणारं नव्हतं. "दादा, तिथे लिहिलेला कोड कुणाच्या मालकीचा?"

"आपल्या."

"काम फसलं तर बिल भरावं लागतं की नाही?"

"लागतं ना. तासावर आहे."

"मग जोखीम तुमची, हक्क तुमचा. म्हणजे खर्चही संशोधनाचा, आणि तुमचाच. आणि पंधरा वर्षं की पाच, हे कंपनी कुणाची यावर ठरत नाही, काम करणारा माणूस कुठे बसतो यावर ठरतं."

बाणेरमधली खुर्ची एडिसनमधल्या खुर्चीहून तिप्पट लांब पसरते, असं वहिनी त्यावर म्हणाल्या. त्यांची विनोदबुद्धी फार वाईट वेळी जागी होते.

मग घरचं रिटर्न. पगार १,६०,००० आणि के-वनवरचे ७,७०,००० मिळून ९,३०,०००. त्यातून २८,००० ची तपशीलवार वजावट, ज्यात राज्य आणि मालमत्ता कराला १०,००० चीच मर्यादा. शिवाय २०१७ च्याच कायद्याने पास-थ्रू, म्हणजे नफा मालकांच्या रिटर्नमध्ये उतरणाऱ्या, धंद्यांना दिलेली नफ्याच्या २० टक्क्यांची वजावट, १,५४,०००. नफा खोटा असला तरी त्याच्यावरची वजावट खरी, तेवढाच दिलासा. करपात्र राहिले ७,४८,०००. कर २,११,३०० डॉलर, वरचा टप्पा ३७ टक्क्यांचा. उत्पन्न कागदावर फुगल्याने मुलांमागची सवलत पूर्ण गेली.

जुना नियम असता तर हाच कर ३८,४०० झाला असता.

हातात आलेले पैसे २,८०,००० आणि संघीय कर २,११,३००. दादा म्हणाले ते मी तसंच लिहून ठेवलं आहे : "जे पैसे मी पोरांना पगार म्हणून वाटले, त्यांच्यावर त्यांनीही कर भरला आणि आता मीही भरायचा?"

अर्थशास्त्राची मंडळी म्हणतात, हा फक्त काळाचा फरक आहे. वजावट बुडाली नाही, उशिरा मिळणार आहे. विधान खरं आहे. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात त्यासाठी एक ओळ असते आणि गुंतवणूकदार ती समजून घेतात. पण एडिसनमधल्या कंपनीला गुंतवणूकदार नाही, पुढच्या शुक्रवारी पगार करायचे असतात. उशिरा मिळणारी वजावट दाखवून पगार होत नाहीत.

अठरा एप्रिल

कंपनीचं रिटर्न १५ मार्चला होतं, घरचं १८ एप्रिलला. दोन्हींना मुदतवाढ घेतली. पण मुदतवाढ कागद भरायला असते, पैसे भरायला नसते. ही गोष्ट मी वर्षातून शंभरदा सांगते आणि तरी सांगावी लागते. आधीचे हप्ते आणि पगारातली कपात धरून ४४,००० गेले होते. आदल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के भरलं असल्याने हप्ते कमी भरल्याचा दंड लागला नाही, एवढं तरी जमलं. उरले १,६७,३००.

कंपनीच्या खात्यातून ९०,००० काढले. बाकीचे घरावर, साडेआठ टक्क्यांनी. त्या कर्जाच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. घर गहाण असलं तरी पैसे घराच्या बांधकामाला लागले नाहीत तर व्याज वजा होत नाही, आणि हा नियमही २०१७ चाच. वहिनींनी कागदांवर सह्या केल्या आणि त्याच आठवड्यात सगळ्यांची पगारवाढ थांबवल्याचं पत्र लिहिलं. एकालाही काढलं नाही, याचं श्रेय त्यांचं.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात कुणीतरी दादांना सुचवलं की सी कॉर्पोरेशन करून टाका, म्हणजे कर कंपनीच भरेल, २१ टक्केच. ७,७०,००० च्या २१ टक्के म्हणजे १,६१,७००. तोही खऱ्या नफ्याहून जास्त, आणि झालेल्या वर्षाला मागे जाऊन लागू होत नाही. कार्यक्रमात सल्ला देणारे जेवून घरी जातात.

बग की फीचर

आयकर खात्याचं सविस्तर मार्गदर्शन ८ सप्टेंबर २०२३ ला आलं, मुदतवाढ घेतलेल्या एस कॉर्पोरेशनच्या शेवटच्या तारखेच्या बरोबर एक आठवडा आधी. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात जेवण म्हणजे वेफर्स आणि चहा. पण त्यात एक परिच्छेद या घरासाठी सोन्यासारखा होता. नवीन सॉफ्टवेअर बनवणं, त्याचा आराखडा, कोड, चाचण्या, आणि असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालणं हे सगळं संशोधन. पण विकायला तयार झालेल्या प्रॉडक्टमधल्या चुका दुरुस्त करणं, ग्राहकाला मदत करणं, डेटा एका जागेहून दुसरीकडे नेणं, शिकवणं, हे संशोधन नाही. त्याचा खर्च त्याच वर्षी वजा.

म्हणजे प्रत्येक तास कशावर गेला हे सांगता आलं पाहिजे. २०२२ च्या टाइमशीटमध्ये फक्त "डेव्हलपमेंट, ८ तास" असं होतं, सलग बावन्न आठवडे. ते वर्ष जसं होतं तसं भरलं. २०२३ च्या नोंदी मात्र तिकिटांसकट, म्हणजे एकेका कामाच्या चिठ्ठीसकट, होत्या.

त्या ऑक्टोबरमध्ये मी, वहिनी आणि पुण्याहून टीमची लीड मुलगी अशा तिघी सलग चार सकाळी व्हिडिओ कॉलवर बसलो. आमचे साडेआठ, त्यांचे सहा. तिच्या मागे खिडकीतून बाणेरचा ट्रॅफिक ऐकू यायचा. एकेक तिकीट वाचायचं आणि ठरवायचं. बिलावर तारखेत दिवस आधी येतो, महिना आधी यायला हवा होता : बग. पेशंटला आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आठवण जावी : फीचर. ती आठवण दोनदा जाते : बग. तिसऱ्या दिवशी एका तिकिटावर वीस मिनिटं गेली. छपाई हळू होते म्हणून तिने पूर्ण मॉड्यूल नव्याने लिहिलं होतं.

"ताई, तक्रार बगचीच होती," ती म्हणाली.

"तक्रार बगची, पण तू केलंस ते काय?"

ती हसली. "मी जरा जास्तच केलं."

ते फीचरमध्ये गेलं. अशी तिकिटं लाडाने बगमध्ये ढकलली की पुढे तपासणीत सगळ्याच यादीवरचा विश्वास जातो, म्हणून शंका आली तिथे आम्ही स्वतःच्या विरुद्ध निकाल दिला. शेवटी वर्षाच्या कामाचा ३० टक्के हिस्सा देखभाल निघाला, दोन्ही ठिकाणी जवळपास सारखाच. त्यामुळे २०२३ चा करपात्र नफा ४,७५,००० वर आला आणि २०२४ चा ४,०५,००० वर. कर अनुक्रमे १,२३,००० आणि १,००,९००. तीन वर्षांत मिळून ४,३५,२०० डॉलर संघीय कर. याच तीन वर्षांतलं घराचं खरं उत्पन्न ८,४०,०००.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये एकदा दार किलकिलं झालं. ३१ जानेवारी २०२४ ला प्रतिनिधीगृहाने ३५७ विरुद्ध ७० मतांनी देशातल्या संशोधनाची पूर्ण वजावट मागच्या वर्षांपासून परत देणारं विधेयक मंजूर केलं. दादांनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता. १ ऑगस्टला सिनेटमध्ये ते पुढे नेण्यासाठी ६० मतं लागत होती, ४८ पडली. त्या दिवशी फोन आला नाही.

चार जुलै

२०२५ चा मोठा करकायदा सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने ५१-५० ने निघाला, प्रतिनिधीगृहात २१८-२१४ ने, आणि ४ जुलैला त्यावर सही झाली. बातम्यांमध्ये टिप, ओव्हरटाइम आणि ज्येष्ठांची वजावट गाजली. या घरासाठी त्यात दोन गोष्टी होत्या. राज्य आणि मालमत्ता कराच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून २०२५ साठी ४०,००० झाली. न्यू जर्सीत ही बातमी लग्नाच्या आमंत्रणासारखी फिरली. आणि दुसरी, फारशी न फिरलेली : देशात केलेल्या संशोधनाचा खर्च २०२५ पासून पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजा.

आणि मागची तीन वर्षं? सरासरी विक्री ३ कोटी १० लाख डॉलरच्या आत असलेल्या धंद्यांना कायद्याने मुभा दिली की २०२२, २३, २४ ची रिटर्न दुरुस्त करून देशातला खर्च त्या-त्या वर्षी पूर्ण वजा करा. एकच फायद्याचं वर्ष निवडता येत नाही, तिन्ही करायची. निर्णयाची मुदत ६ जुलै २०२६, आणि परतावा मागायची नेहमीची मुदत त्याआधी संपत असेल तर ती. दुसरा मार्ग असा की जुनं काही उघडायचं नाही, उरलेला देशातला खर्च २०२५ मध्ये एकदम किंवा २०२५ आणि २६ मध्ये अर्धा-अर्धा वजा करायचा.

एडिसनच्या खर्चातले ६,४८,००० डॉलर वजा व्हायचे बाकी होते. दादांना दुसरा मार्ग हवा होता. एकदम वजा करू, यंदा करच नको, जुन्या भानगडी कशाला उकरायच्या. भावना समजण्यासारखी आहे. दुरुस्त रिटर्न म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला नोटीस दिसते.

मी दोन्ही मांडून दाखवलं. २०२५ मध्ये करपात्र नफा २,७५,००० आणि घराचा कर ६३,००० च्या आसपास येणार होता. ६,४८,००० एकदम टाकले तर जास्तीत जास्त तेवढाच कर वाचतो, उरलेला तोटा पुढच्या वर्षांत न्यायचा, तिथे तो २२ आणि २४ टक्क्यांच्या टप्प्यांत विरघळणार. त्यातच वर्ष तोट्यात गेल्याने २० टक्क्यांची धंद्याची वजावटही हातची जाते. उलट २०२२ मध्ये हेच पैसे ३५ आणि ३७ टक्क्यांनी गेले होते. ज्या टप्प्यात गेले तिथूनच ओढून आणायचे.

दुरुस्त केल्यावर २०२२ चा कर २,११,३०० वरून १,०८,५०० होतो. २०२३ मध्ये ४६,४०० परत, मुलांमागच्या सवलतीतले ८५० डॉलरही जिवंत होतात. २०२४ मध्ये २९,५००. एकूण १,७८,७०० डॉलर, वर सरकारकडून व्याज. त्या व्याजावर पुन्हा कर भरायचा हे मी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ते भरू गं. आनंदाने भरू."

२०२२ चं घरचं रिटर्न ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलं होतं, त्यामुळे परतावा मागायची तीन वर्षं अजून उरली होती. ज्यांनी तेच रिटर्न एप्रिलमध्ये वेळेवर भरलं, त्यांच्यासाठी दार एप्रिल २०२६ मध्येच बंद होतं. उशिरा भरणाऱ्याचं भलं झाल्याचं माझ्या कारकिर्दीतलं हे दुर्मीळ उदाहरण. तीन वर्षांची कंपनीची रिटर्न, त्यातून निघणारे नवे के-वन, मग घरची तीन. सहा रिटर्नचा गठ्ठा आम्ही थँक्सगिव्हिंगच्या आधी पूर्ण केला.

पुण्याचं काय

पुण्याचं काहीच नाही. नव्या कायद्याने देशाबाहेरच्या कामाला हात लावला नाही, पंधरा वर्षं तशीच आहेत. २०२४ अखेर पुण्याच्या खर्चातले ६,४२,००० वजा व्हायचे बाकी होते आणि त्यात दर वर्षी भर पडते आहे. मधेच काम गुंडाळलं तरी उरलेलं एकदम वजा करता येत नाही, कायद्याने तो रस्ता मुद्दाम बुजवला आहे. एडिसनचे पैसे परत आले तरी तीन वर्षांत जुन्या नियमापेक्षा सुमारे १,४४,००० डॉलर जास्त गेलेले आहेत, ते सगळे बाणेरच्या खुर्च्यांपोटी आगाऊ.

मग काम इथे आणावं का? दादा आणि मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. पुण्यात ३०,००० डॉलरला होणारं काम धरा. पहिल्या वर्षी १,००० वजा, २९,००० वर २४ टक्क्यांनी ६,९६० डॉलर आधी भरायचे. तेवढंच काम एडिसनमध्ये त्यांना ९५,००० ला पडतं. ते पूर्ण वजा झालं तरी कराची बचत २२,८०० ची, खिशातून ७२,२०० जातातच. पुणं कर भरूनही स्वस्त. कायदा करणाऱ्यांना काम देशात यावं असं वाटत असेल, पण एवढ्या आकाराच्या कंपनीत तसं होत नाही. होतं एवढंच की पुण्यातला सातवा माणूस घ्यायचा निर्णय आता पगारावर नाही, एप्रिलमध्ये खात्यात किती रोकड असेल त्यावर ठरतो. सातवा माणूस अजून घेतलेला नाही.

माझ्या पत्राचा साचा मी बदलला. टप्पे आणि ठोक वजावट आता दुसऱ्या पानावर असते. पहिल्या पानावर नुसत्या तारखा : टिप, ओव्हरटाइम, ज्येष्ठांची वजावट २०२८ नंतर नाही. राज्य कराची मर्यादा दर वर्षी एक टक्का वाढत जाऊन २०३० मध्ये पुन्हा १०,०००. 'बहुधा' हा शब्द मी काढला आहे.

वहिनींनी त्यांच्या एक्सेलमधला एडिसनचा पसरवलेला खर्च डिलीट केला, त्या शीटला त्यांनी नाव दिलं होतं 'उधारी'. पुण्याची शीट आहे. २०२२ च्या पगाराची ओळ जुलै २०२२ मध्ये सुरू होऊन जून २०३७ मध्ये संपते. शेजारच्या रकान्यात त्यांनी धाकटीचं तेव्हाचं वय टाकलं आहे, सव्वीस.